मंगळाच्या नावाने नेलेलं पाणी

मी जन्माने रोह्याची. आमच्या घरात कुणाच्या हातात पाण्याचा पेला दिला की तो आधी वास घ्यायचा आणि मग प्यायचा. गावात कंपन्या आल्या तेव्हा मी शाळेत जात होते. वडील त्यातल्याच एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि परत येताना कपड्यांबरोबर एखादा वास घेऊन यायचे. कधी सडक्या अंड्याचा, तर कधी पिकल्या केळ्याचा. केळ्याचा वास आला की आई जास्त घाबरायची. "घाण वास परवडला गो, तो निदान खरं तरी बोलतो," असं ती म्हणायची. तिच्याकडून मला दागिने फारसे मिळाले नाहीत, संशय मात्र भरपूर मिळाला. भाजीवाली गोड बोलायला लागली की माझी नजर तिच्या तराजूकडे जाते. कुणी फुकट काही देऊ केलं की मी दोन पावलं मागे सरते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आम्ही ताक फुंकायचोच, वर ते कुणी आणि का दिलं याचीही चौकशी करायचो.

लग्न होऊन पेणला आले. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, म्हणून आमचा संसार रामवाडीत. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे एकटे खाडीकाठच्या गावात राहायचे. कासूला गाडीतून उतरायचं आणि खाडीच्या दिशेने बांधाबांधाने चालत सुटायचं, मग ते गाव लागे. तिथे त्यांचं लहानसं मिठागर होतं. त्यांच्या आजोबांनी घातलेलं आणि दरवर्षी पायाने तुडवून तुडवून तळ घट्ट केलेलं. त्या माणसाला मिठागराशिवाय दुसरं काही दिसत नसे. मुलगा शहरात गेला, बायको गेली, सांधे गेले, तरी पावसाळा सरला की ते आपले तळ तुडवायला उतरायचे. "यो गेला तं मी पन गेलो," असं ते मिठागराकडे बोट दाखवून म्हणायचे. त्यात कसला आव नसायचा, जेवण झालं का असं विचारावं तसं म्हणायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा ते मिठागर बघायला गेले तो उन्हाळ्याच्या तोंडाचा काळ होता. बांधावर उभी राहिले आणि लगेच दोन पावलं मागे सरले. वाफ्यातलं पाणी लाल होतं. एका वाफ्यात गुलाबी आणि पुढच्या वाफ्यात चांगलंच जांभळट. माझ्या डोळ्यांसमोर रोह्याचे नाले आले. मी नवऱ्याला हळूच विचारलं, "इथं कंपनी कुठली?" त्याला प्रश्नच कळला नाही. मग धीर करून सासऱ्यांना म्हटलं, "मामा, तुमच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी सोडलंय."

ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "सोरलाय गो, देवान् सोरलाय. पानी लाल झाला म्हंजी मीठ येनार. पांढरा पानी मीठ देत नाय."

मी वाकून बोट बुडवलं आणि वास घेतला. कसलाच वास नव्हता. त्यामुळे माझा संशय उलट वाढला. पुढे कित्येक वर्षं त्या मिठाचं लोणचं घातलं, मासे खारवले, लेकीची दृष्ट त्याच मिठाने काढली, तरी ते पाणी लाल का होतं हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्याचं उत्तर माझ्या लेकीने आणलं, आणि ते उत्तर ऐकून मला वाटलं, नसतं मिळालं तरी चाललं असतं.

लेक मुंबईला सूक्ष्मजीवांचं शिकत होती. हुशार, हट्टी, आणि आईच्या प्रश्नांना कंटाळलेली. एकदा तिचा फोन आला. आमच्या सरांना आणि दोन मुलींना घेऊन आजोबांच्या मिठागरावर येते, तिथलं लाल पाणी आणि मीठ न्यायचंय.

"कशाला?" मी विचारलं.

"मंगळावर जीव असू शकेल का, त्याचा अभ्यास आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "सरांचं लग्न झालंय का?"

तिने फोन ठेवला. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? वयात आलेली मुलगी सांगते की मंगळावरच्या जिवांसाठी कासूला येते, तर कोणती आई आधी मंगळाचा विचार करील? मी नवऱ्याला म्हटलं, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. तो म्हणाला, येऊ तर दे.

सर आले ते पन्नाशीचे निघाले, टक्कल पडलेले, आणि सोबत बायकोने दिलेला डबा. माझा एक संशय तिथेच संपला. पण दुसरा लगेच उभा राहिला. ते पांढऱ्या गाडीतून आले होते. गाडीतून त्यांनी बाटल्या काढल्या, तिपाईवर लावायचं एक यंत्र काढलं, आणि जागा ओळखू यावी म्हणून वाफ्यांच्या कडेला लाल कापडाच्या छोट्या निशाण्या रोवायला सुरुवात केली. त्या दिवसांत आमच्या खारपट्ट्यात पांढरी गाडी, तिपाई आणि निशाणी या तीन गोष्टींचा एकच अर्थ होता. सगळा पट्टा कुठली तरी मोठी कंपनी घेणार अशी हवा होती. बाहेरची माणसं गावोगाव फिरून सातबारे विचारत होती. सभा होत होत्या, बायकासुद्धा मोर्च्याला जाऊन आल्या होत्या. जो जमीन देईल त्याच्या घरचं पाणी पिणार नाही, अशी गावाने देवळात आण घेतली होती, आणि सासरे त्या आणेत सगळ्यांच्या पुढे उभे होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, कुणी विचारलं तर सांगा, हिवतापाची माणसं आलीत. डास बघतायत."

"पन ती डास कुठं बगतान?" ते म्हणाले.

"माहितीय मला. पण हे लोकांना पटेल. मंगळ पटायचा नाही."

"मिठागरावर उबा र्‍हावून मी खोटा बोलू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करायला सांगितली होती. रोह्याच्या शहाणपणाची तिथे किंमत नव्हती.

तोवर बांधावर माणसं जमली होती. त्यात सासऱ्यांचा चुलतभाऊ होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दोघं एकत्र वाढलेले, दोघांची मिठागरं शेजारी, मध्ये फक्त पाण्याची एक चर. तंबाखूची चंची एकाची आणि चुना दुसऱ्याचा, अशी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची वाटणी. काकांनी विचारलं, "कोन ही मानसा?"

सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं, "नातीचं मास्तर. मंगलावर कोन र्‍हातो का ते बगाया आलेत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. काका नुसते त्या तिपाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंगल वर हाय. ही खाली का मोजतान?"

सरांना वाटलं आपण समजावून सांगावं. भला माणूस होता, पण शहरातला. त्यांनी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. मंगळावर फार पूर्वी पाणी होतं, ते आटलं, तिथे क्षार उरले. मिठाचा खडा तयार होताना त्यात पाण्याचा बारीकसा थेंब अडकतो, आणि त्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव वर्षानुवर्षं तग धरतात. या वाफ्यातला लाल रंग तसल्याच जिवांचा आहे. इथे ते कसे जगतात हे कळलं, तर तिथे काय शोधायचं ते कळेल. त्यांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं की क्षणभर मला त्यांचं पटलं. माझ्यासारखीला पटलं, हे मी मुद्दाम सांगते.

सासऱ्यांना मात्र भलतीच भीती वाटली. "म्हंजी माझ्या मिठान् किडं हायत असा लिवनार तुमी?"

"किडे नाहीत हो. जीव."

"गिऱ्हाइकाला दोनी सारखाच." ते कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिले. "तुमचा मालक कोन?"

"विद्यापीठ."

"त्याचा मालक?"

"तसं म्हटलं तर सरकार."

"मंग सरल सांगा ना सरकार आलाय," मागून कुणीतरी बोललं, आणि आता मात्र माणसं हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

लेक आजोबांसमोर उभी होती, हातात रिकामी बाटली घेऊन. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती याच वाफ्यांच्या कडेला बसून मिठाचे चौकोनी खडे वेचायची. शेवटी ते म्हणाले, "ने. पन गावाचा नाव लिवायचा नाय. माझा बी नाय." सरांनी कबूल केलं. पाणी नेलं, मीठ नेलं, आणि पुढे जे काही छापून आलं त्यात आमचं गाव 'पश्चिम किनाऱ्यावरील एक मिठागर' एवढंच राहिलं.

इथवर झालं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण सासऱ्यांना पाहुणचाराची हौस. नातीचे मास्तर घरी आले आणि रिकाम्या हाताने गेले, हे त्यांना कसं सहन होईल? सकाळीच त्यांना उघाडीच्या तोंडाशी, म्हणजे जिथून खाडीचं पाणी आत घेतात तिथे, एक जिताडा मिळाला होता. चांगला हातभर लांब. तो त्यांनी मास्तरांना द्यायचं ठरवलं.

पेणच्या बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे जिताडा हा नुसता मासा नाही. ज्याचं कचेरीत काम अडलंय तो साहेबाला जिताडा देतो. ज्याला काम करून घ्यायचंय तो जिताडा शोधत फिरतो. कुणाच्या हातात मोठा जिताडा दिसला की लोक विचारतात, काय, कुठल्या कामाला? फुकट, नुसत्या मायेने, परक्या माणसाला कुणी जिताडा देत नाही. दिला तर त्याचं डोकं फिरलंय, नाहीतर त्याचं काम झालंय.

"मामा," मी म्हटलं, "कापून द्या. फडक्यात बांधून देते मी."

"का? चोरीचा हाय?"

कल्ल्यातून दोरी ओवलेला तो जिताडा हातात धरून सासरे सगळ्या बांधावरून चालत गेले, सगळ्यांच्या समोरून, आणि पांढऱ्या गाडीत स्वतःच्या हाताने ठेवला. वर हात जोडले. सर नको नको म्हणत होते, तेही लोकांनी पाहिलं. साहेब लोक नेहमी आधी नको नकोच म्हणतात.

दिवस मावळायच्या आत गावात बातमी झाली की म्हाताऱ्याने मिठागर दिलं.

पुढचे महिने फार वाईट गेले. कुणी तोंडावर काही म्हणायचं नाही. पण काकांची चंची पुढे येईनाशी झाली. हळदीला बोलावणं यायचं, पण आम्ही बसलो की शेजारची बाई उठून दुसरीकडे जायची. मी एकदा एकीला गाठून विचारलंच. ती म्हणाली, "आमी कई काय बोललो? तुमचा मंगल तुमाला लखलाभ." मला संताप आला, पण खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं कळत होतं. गेली कित्येक वर्षं खाडीकाठच्या लोकांना जो आला तो खोटंच सांगून गेला. कुणी रस्ता होणार म्हणून मोजून गेलं, कुणी बंदर होणार म्हणून. मग एक जण येऊन मंगळ म्हणाला, तर तो त्यांना सगळ्यात मोठा खोटारडा वाटणारच. त्यांच्या जागी मी असते तर मीही तिपाईवरच विश्वास ठेवला असता.

आणि संशय एकदा घरात शिरला की तो माणूस ओळखत नाही. एक दिवस जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "मामांनी कुठे अंगठा तर दिला नसेल ना? त्या बाटल्यांच्या गडबडीत?" तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या पण मनात आलं होतं." आम्ही दोघंही पुढे जेवलो नाही. लेकीला फोन करून मी पुन्हा पुन्हा विचारलं, सर नक्की कुणाचे, गाडी कुणाची, पैसे कोण देतं. ती म्हणाली, "आई, मंगळावर जीव सापडायला जेवढा पुरावा लागतो ना, त्याच्याहून जास्त तू माझ्याकडे मागतेस." बिचारीचा आवाज रडवेला होता. त्या वेळी पहिल्यांदा मला त्या आभाळातल्या जिवांची कीव आली. असलेच कुणी तिथे, तरी आपण आहोत हे ते कसं आणि कुणाला पटवणार होते?

गणपती तोंडावर आले होते. घर सारवायला म्हणून आम्ही दोघं गावी गेलो होतो. अमावस्येचं उधाण होतं, त्यात खाडीवरून वारा सुटलेला. दुपारी भरती चढत असताना सासरे बांधावरून धावत आले. या वयात त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मिठागराच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली होती.

खांड पडली की काय करायचं, हे खारपट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. बांध फुटलेला माणूस हाळी देतो आणि घरटी एक माणूस धावतो. भांडण असो, कोर्टात दावा चालू असो, धावायचं. चिखलात उभं राहून माणसांची रांग लागते आणि हातोहात चिखलाचे गोळे पुढे जातात. भरती वर चढायच्या आत खांड बुजवायची. एकदा मी अंगाला हळद लागलेला नवरदेव त्या रांगेत उभा असलेला पाहिलाय. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. समुद्र आज याच्याकडे आला, उद्या त्याच्याकडे येईल, एवढा साधा हिशेब.

सासऱ्यांनी हाळी दिली. "खांड परली रेऽऽ!" वारा गावाकडेच वाहत होता, त्यामुळे ऐकू गेलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पहिल्या हाळीला ते पाण्यात उतरलेसुद्धा, मागे न बघता, कारण माणसं येणारच होती. मी आणि नवरा चिखल उपसून देत होतो. दुसऱ्या हाळीनंतर त्यांनी मागे वळून पाहिलं. गावाच्या कडेला माणसं उभी होती. दिसत होती. कुणी पुढे येत नव्हतं. हे आमचं मिठागर भाताच्या बांधाच्या बाहेर होतं, ते बुडालं तरी दुसऱ्या कुणाच्या शेतात खारं पाणी शिरणार नव्हतं. त्यामुळे त्यांना बघत राहणं परवडणारं होतं.

चरीच्या पलीकडे, स्वतःच्या बांधावर, काका उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. सासऱ्यांनी त्यांना नावाने हाक मारली. लहानपणीच्या नावाने. काका ओरडून म्हणाले, "ज्याला दिलास त्याला बोलव चिखल घालाया!"

सासरे नुसते छातीभर पाण्यात उभे राहिले, हातात चिखलाचा गोळा तसाच धरून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी ओरडलेही, शिव्या घातल्या, आण घेतली, पण वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. आम्ही तिघं किती पुरे पडणार? खांड रुंद होत गेली. भरती आत शिरली, आणि ओहोटीने परतताना पिढ्यान् पिढ्या तुडवून घट्ट केलेला तळ सोलून घेऊन गेली. संध्याकाळी तिथे खाडीच होती. सासऱ्यांना नवऱ्याने धरून वर आणलं. त्या दिवसापासून ते आमच्याकडे रामवाडीत राहायला आले, आणि खिडकीपाशी बसून हायवेवरच्या गाड्या बघू लागले.

दिवाळीत लेक आली. येताना तिने काचेची एक चपटी, झाकण लावलेली डबी आणली होती. त्यात पातळ थरावर गुलाबी ठिपके उगवले होते. आजोबांच्या मिठागरातला एक खडा त्यांनी कोरडा ठेवून दिला होता, मग विरघळवला, आणि त्यातून हे वाढले. "आजोबा, हे तुमच्या वाफ्यातले. जिवंत आहेत," ती म्हणाली. सासऱ्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं. मी झाकणाच्या कडेला नाक लावून पाहिलं, सवयच आहे ती.

"आनी वरती?" त्यांनी विचारलं. "हायत का कोन?"

"माहीत नाही अजून. असतीलही."

"हूं," ते म्हणाले, आणि डबी गुडघ्यावर ठेवून बसले.

त्याच आठवड्यात काका दारात उभे राहिले. बाजाराला पेणला आले होते म्हणाले, पण हातात पिशवी नव्हती. माझ्या मनात आलं की दार लावून घ्यावं. सासऱ्यांनी "ये" म्हटलं, म्हणून मी बाजूला झाले. काका खूप वाळले होते. खुर्ची दिली तरी खाली बसले. मिठागराकडे मोजणीला पुन्हा कुणी आलं नाही, कंपनीचंही आता कुणी बोलत नाही, असं इकडचं तिकडचं सांगत राहिले. त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. शेवटी सासऱ्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "एक इचारू? आता तरी खरा सांग. तू इकला व्हतास ना?"

मला वाटलं होतं त्यांच्या आवाजात दरडावणी असेल. ती नव्हती. तो माणूस अक्षरशः विनवत होता. त्यांना 'हो' हवं होतं. ते 'हो' मिळालं नाही तर त्या दुपारी बांधावर हात बांधून ते का उभे राहिले, याला काही उत्तरच उरत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, त्या घडीला मला त्यांची दया आली नाही. मी म्हणाले, "काका, हे बघा, ही डबी बघा, यातच आहे सगळं," आणि लेकीने डबी उचललीसुद्धा.

सासऱ्यांनी तिच्या हातावर हात ठेवून डबी खाली ठेवायला लावली. मग काकांना म्हणाले, "व्हय. इकला व्हता."

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीतून एवढा मोठा श्वास निघाला की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली आणि चिमूट सासऱ्यांपुढे धरली. सासऱ्यांनी ती घेतली. चहा घेऊन काका गेले. जाताना त्यांची पाठ थोडी सरळ झाली होती.

दार लागलं तशी लेक फुटलीच. तिला रडू आवरेना. "आजोबा, तुम्ही खोटं बोललात! तेव्हा मंगळाचं खरं सांगितलंत, मिठागर गेलं तरी खरं सांगितलंत, आणि आता खोटं? का?"

सासऱ्यांनी तंबाखूची चिमूट गालात सारली. "माझा काय, मी हितं हाय," ते म्हणाले. "त्याला रोज त्या खांडीवरना जायाचा हाय गो."